सासूबाईंच्या खिडकीतले मासे

आमचे हे पाट्या करतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, वकिलांच्या, शिकवणीच्या वर्गांच्या. तरुणपणी शिडीवर चढून ब्रशने रंगवायचे. आता ॲक्रिलिकची अक्षरं कापून चिकटवतात. ह्यांच्याबरोबर रस्त्याने चालणं म्हणजे एक परीक्षाच असते. दर चार पावलांवर थांबायचं, मान वर करायची आणि म्हणायचं, "बघितलंस, तो दुसरा शब्द कसा डावीकडे कललाय?" मी म्हणते, "कलू दे. पिशवीने माझा खांदा कललाय, त्याचं बघा आधी."

बोलणं एकूण बेताचंच. राग आला की हे पट्टी शोधायला लागतात, लोखंडी, मापाची. आनंद झाला तरी पट्टीच शोधतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पट्टी हरवली म्हणजे नक्की काय झालंय हे मला अजून तोंडाकडे बघूनच ओळखावं लागतं.

आणखी एक सवय सांगायला हवी. ॲक्रिलिकच्या शीटवर दोन्ही बाजूंनी तपकिरी कागद चिकटवलेला येतो, ओरखडे पडू नयेत म्हणून. हे तो कागद अगदी शेवटी काढतात. पाटी दुकानावर चढली, दिवे लागले, मालकाने खालून मान डोलावली, तरी कुठेतरी कडेला कागदाची बोटभर पट्टी ठेवतातच. मग काही दिवसांनी सहज गेल्यासारखं तिकडे जायचं, पाटी जागची हललेली नाही, वारा-पाऊस सोसलाय, अशी खात्री करायची, आणि तेव्हा ती पट्टी नखाने सोलून काढायची. एकदा एक गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, एवढा कागद राहिला की." हे म्हणाले, "राहिला नाही. ठेवलाय."

आमच्या घराला पुढे पूर्वी उघडा व्हरांडा होता. सासरे लवकर गेले. सासूबाईंनी शिवणकाम करून दोन मुलं वाढवली. वन्सं मोठ्या, हे धाकटे. आतल्या खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडायची आणि तिच्याखाली सासूबाईंचं शिवणयंत्र असायचं. दुपारचा उजेड थेट सुईवर पडायचा, दोरा ओवायला कधी चष्मा लागला नाही, असं त्या सांगायच्या. पुढे ह्यांचा धंदा वाढला, पसारा मावेना, तेव्हा सासूबाईच म्हणाल्या, "घे तो व्हरांडा बंद करून." तशी पुढची खोली झाली. तिथेच ह्यांचं दुकान. आणि आतली खिडकी उघडायची ती थेट दुकानात. उजेड गेला तो गेलाच. यंत्र स्वयंपाकघरात हललं. सासूबाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. ह्यांनीही नाही. पण त्या खिडकीपाशी आले की हे पट्टी शोधायचे.

गेल्या हिवाळ्यात सासूबाई मोरीत घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, हाड जुळलं, सगळं डॉक्टर म्हणाले तसंच झालं. फक्त सासूबाई उठेनात. चालायचा चौपायी वॉकर आणला, तो पलंगाशेजारी उभा. त्यावर मी टॉवेल वाळत घालायची, एवढाच त्याचा उपयोग.

व्यायाम करून घ्यायला एक बाई यायच्या. जिभेने तिखट, हाताने मऊ. त्या म्हणायच्या, "आजी, हाड केव्हाच जुळलं. आता तेवढी भीती मोडायची राहिलीय."

"तुमचं मोडलं होतं का कधी हाड?"

"नाही हो."

"मग बसा गप."

बाई हसून पाय दाबून द्यायच्या, पण जाताना दारात मला म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नका. अशाच पडून राहिल्या तर पाठीला जखमा होतील, छातीत कफ धरेल. नंतर त्यांना उठावंसं वाटलं तरी पाय ऐकायचे नाहीत. उभं राहायला काहीतरी कारण द्या त्यांना."

कारण कुठून आणायचं? खोलीत दिवसाढवळ्या दिवा लावावा लागायचा. मी एकदा खिडकीची दारं उघडली, निदान माणसांची चाहूल लागेल म्हणून. पलीकडे एक गिऱ्हाईक अक्षरांचे नमुने बघत होतं. सासूबाई म्हणाल्या, "लाव ती दारं. लोक पाट्या बघायला येतात, त्यांच्यात मला कशाला मांडून ठेवतेस?"

वन्सं दर रविवारी यायच्या. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे घरात शिरल्या की आम्हीच सरळ बसतो. एका रविवारी आईची पाठ पुसताना त्यांना लाल झालेला डाग दिसला. पुढच्या खोलीत येऊन त्यांनी भावाला धरलं. "हे बघ, माझ्याकडे उजेड आहे, लिफ्ट आहे, दिवसभर बाई ठेवता येईल. तू अक्षरं कापत बसणार, ही एकटी कुठे कुठे पुरणार? माझी सुट्टी लागेपर्यंत बघते. तोवर आई पायांवर उभी राहिली तर हात जोडून गप्प बसेन. नाहीतर गाडी घेऊन येते."

त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून तर जास्त लागलं. हे सासूबाईंना विचारायला गेले. त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "न्या कुठेही. गाठोड्याला कुणी विचारतं का?"

त्या दिवशी ह्यांनी जेवताना एकच वाक्य उच्चारलं. "आईला दातवाल्याकडचे मासे आठवत असतील का गं?"

ती एक गंमतच झाली होती. खूप वर्षांपूर्वी सासूबाईंची दाढ काढायची होती. दातांच्या डॉक्टरांकडे बाहेरच्या खोलीत माशांची पेटी होती. हे आईला तिथे बसवून कुठेतरी पाटीचं माप घ्यायला गेले. परत येऊन बघतात तर सासूबाई खुर्ची पेटीला लावून बसलेल्या, स्वतःचा नंबर त्यांनी दोघांना देऊन टाकलेला. शेवटी डॉक्टरच उठून गेले आणि दाढ तशीच घेऊन मायलेक घरी आले.

"आठवत असतील," मी म्हटलं. "का?"

हे उठले, हात धुतले आणि पट्टी शोधायला लागले. मी तोंडाकडे बघितलं. राग नव्हता.

आमच्या कपाटामागे एक जाडजूड पारदर्शक शीट कित्येक वर्षं उभी होती. एका बड्या दुकानाने पाटीसाठी सांगितलेली. मग ते दुकान काही उघडलंच नाही. दर साफसफाईला मी विचारायची, "हिचं काय करायचं?" आणि हे म्हणायचे, "लागेल." ती आता बाहेर आली. विचार असा होता की खिडकीचे गज आणि दारं काढायची आणि त्या चौकटीत माशांची पेटी बसवायची. दुकानातल्या दिव्याचा उजेड पाण्यातून आत येईल. दुकानातून बघणाऱ्याला मासे दिसतील, मागच्या अंधुक खोलीतलं माणूस दिसणार नाही. आतून बघणाऱ्याला मात्र सगळं दिसेल.

"आणि फुटली तर?" मी विचारलं. "सगळं पाणी आईंच्या अंथरुणात."

"म्हणून तर घरी करतोय."

हे ऐकून मला धीर यायला हवा होता. आला नाही.

शीट कापली, कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. ॲक्रिलिकला डिंकासारखं काही लावत नाहीत. पाण्यासारखं पातळ औषध असतं, ते इंजेक्शनच्या सुईने सांध्याच्या कडेला सोडायचं. ते आपणहून फटीत ओढलं जातं, दोन्ही कडा जराशा विरघळतात आणि एकमेकींत मिसळून एकच होऊन बसतात. वास मात्र असा की मी मागच्या अंगणातच काम करा म्हणून सांगितलं. हे नाकाला फडकं बांधून, पेटीच्या आतला कागद काढून, बाहेरचा तसाच ठेवून, फक्त कडांचा बोट-बोट सोलून, सुई धरून बसलेले. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काय हो, पेटीला लस टोचताय का?"

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा पेटीखाली कोरडी वर्तमानपत्रं पसरली होती. कुठे पाझरलं तर कागद लगेच सांगतो. दुपारपर्यंत सगळं कोरडं. मग एका कोपऱ्याखाली रुपयाएवढा डाग उमटला. तो बशीएवढा झाला. नेमक्या तेव्हाच वन्सं आल्या.

"हे तू आईच्या उशाशी ठेवणार आहेस?"

"पायथ्याशी," हे म्हणाले.

"अरे, उशाशी काय आणि पायथ्याशी काय! पाणी कुणाला विचारून येतं का?"

ह्यांनी पेटी रिकामी केली, वाळवली, आतल्या चारही उभ्या कोपऱ्यांना आणि तळाच्या सांध्यांना तिकोनी पट्ट्या बसवल्या आणि पुन्हा सुई हातात घेतली. मी मनातल्या मनात म्हटलं, देवा, ह्यांच्या हाताला यश दे, आणि नसेल द्यायचं तर निदान इथे अंगणातच काय ते दाखव. दुसऱ्यांदा भरली ती पेटी पुढचा रविवार येईपर्यंत अंगणात तशीच ठेवली. वन्संनी येऊन खालचा कागद स्वतः ओढून काढला, दोन्ही बाजूंनी बघितला, वास घेतला. शाळेतल्या बाईच त्या. "कोरडा आहे," म्हणाल्या, आणि त्यांचाही श्वास सुटलेला मला ऐकू आला.

मग गवंडी आला. ह्यांचा जुना ओळखीचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. ह्यांचं सगळं मिलिमीटरमध्ये, त्याचं सगळं सुतात.

"दोन सूत इकडे घ्या," तो म्हणायचा.

"दोन सूत म्हणजे नक्की किती?"

"म्हणजे दोन सूत. आता ह्याच्यापेक्षा नक्की काय सांगू?"

पेटी भिंतीच्या जाडीपेक्षा खोल होती. दुकानाच्या बाजूने ती भिंतीला सपाट हवी, असा ह्यांचा हट्ट; गिऱ्हाइकाला पुढे आलेली पाटी कधी दाखवायची नाही. म्हणून ती आत, सासूबाईंच्या खोलीत, वीतभर बाहेर येणार होती. मिस्त्रीने चौकटीत जाड दगडी फळी बसवली, आतल्या बाजूला तिला खालून लोखंडी आधार दिले. फळी पेटीच्याही पुढे चार बोटं आली.

"कापून देऊ का एवढी?" त्याने विचारलं.

"राहू दे. पुन्हा धूळ होईल."

सासूबाई हे सगळं पलंगावरून बघत होत्या. तोंडावर पदर धरून, पण बघत होत्या. कागदात गुंडाळलेली पेटी खिडकीत सरकली आणि चपखल बसली, तेव्हा त्या म्हणाल्या, "झालं. होती ती फटही बुजवलीत. आता मी आहे की गेले, हे बघायला भिंत फोडावी लागेल."

हे दुकानात गेले. तिथून त्यांनी बाहेरच्या अंगाचा कागद सोलला. मग आत आले आणि आतल्या अंगाचा कोपरा नखाने उचलून एका दमात ओढला. टर्र आवाज झाला आणि दुकानातला उजेड सासूबाईंच्या चादरीवर येऊन पडला. पूर्वी यंत्रावर पडायचा तसाच. सासूबाईंनी आपला हात उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "नखं किती वाढलीत माझी," म्हणाल्या. "कापली का नाहीस गं?"

मी नखं कापायला बसले. हे वळून निघून गेले. कडेला कागदाची बोटभर पट्टी मात्र राहिली होती. राहिली नव्हती, ठेवली होती.

पाणी भरलं. हवेची नळी आणि दिवा वरच्या फटीतून आत सोडले, दोन हिरव्या वेली पेटी खिडकीत बसवायच्या आधीच तळाशी लावल्या होत्या. मासेवाल्याने सांगितलं होतं, पाणी आधी मुरू द्या, लगेच मासे टाकलेत तर रडत माझ्याकडे याल. तेही ऐकलं. मग हे पाण्याने फुगलेल्या पिशवीत मासे घेऊन आले, चार केशरी आणि दोन काळे. स्टुलावर चढले. पिशवी वर नेली. खाली आणली. डावीकडून नेली. पुन्हा खाली आणली.

काय झालं होतं, ते मला आधी कळेना. पेटी पाण्याने फुगून बाक धरू नये म्हणून ह्यांनी तिच्यावर शीटचंच झाकण पक्कं जोडलं होतं आणि मधोमध हात जाईल एवढं तोंड ठेवलं होतं. तोंड ऐसपैस होतं. पण ते बरोब्बर भिंतीच्या आत, वरच्या तुळईखाली आलं होतं, आणि पेटी अशी चपखल बसवलेली की झाकण आणि तुळई ह्यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जागा. नळी गेली, वायर गेली. हात काही जाईना. जन्मभर माणसाने पाट्या बसवल्या. पाटी कशी, एकदा बसली की बसली. तिच्यात कुणाला कधी हात घालावा लागत नाही.

आम्ही सगळे तुळईकडे बघत होतो. पिशवीतले मासेसुद्धा.

पलंगावरून आवाज आला, "अरे, मासे पोस्टाने पाठवणार आहेस का आत?"

वन्सं त्या दिवशी होत्याच. त्यांनी तोंडावर हात घेतला. हसू दाबायला की रडू, कोण जाणे. आणि सासूबाई थांबेनात. "आणि आत गेले समज. जेवायला कोण घालणार त्यांना? तुळई?"

इतक्या महिन्यांत त्या एका दमात एवढं बोलल्या नव्हत्या. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं. ह्यांच्या मात्र नाही. हे स्टुलावर पिशवी धरून उभे होते, आणि पट्टी शोधायलाही त्यांच्याकडे हात मोकळा नव्हता.

मासे बादलीत गेले. मिस्त्रीला बोलावलं. तो वर बघून म्हणाला, "तुळईला हात लावणार नाही. तिच्यावर घर आहे." मग उरला एकच उपाय. पेटीचा जो भाग सासूबाईंच्या खोलीत वीतभर पुढे आला होता, त्याच्या डोक्यावर तुळई नव्हती, मोकळी हवा होती. तिथलं झाकण कापायचं. पण जोडलेल्या पेटीवर करवत चालवायची म्हणजे कड तडकायची भीती. एकदा चीर गेली की सांध्यापर्यंत जाते, आणि मग सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि सुट्टी तर लागत आली होती.

पाणी काढलं. ह्यांनी कापायच्या चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत आधी बारीक गोल भोकं पाडली, म्हणजे चीर गेलीच तर भोकाशी थांबते. मग अक्षरं कापायची छोटी करवत घेतली. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, आवाज होईल, पुढे घेऊन जाऊ का तुम्हाला खुर्चीवर?"

"काही नको. मला बघायचंय."

करवतीचा आवाज सुरू झाला. मी दारात उभं राहून देवाचं नाव घेत होते. सासूबाई मान उचलून बघत होत्या आणि मधेच म्हणाल्या, "सावकाश रे. कापडाला घाई करून चालत नाही, ह्याला कशी चालेल?" ह्यांनी करवत सावकाश केली. चौकोन अलगद सुटून हातात आला. चीर नाही, टवका नाही. त्याच तुकड्याचं झाकण केलं आणि उचलायला मूठ हवी म्हणून ह्यांनी डब्यातून एक लाल टिंब काढून त्यावर चिकटवलं. पाट्यांतून उरलेली अशी टिंबं आमच्याकडे डबाभर आहेत. सासूबाई म्हणाल्या, "कुणाच्या दुकानाचं कपाळ पुसून आणलंस?"

मासे आत गेले. आता त्यांना खायला घालायचं ते फक्त आतल्या खोलीतून, आणि तेही उभं राहून. पलंगावर बसून हात पोचत नाही. सकाळ-संध्याकाळ ते काम माझ्याकडे आलं, आणि माझ्यावर देखरेख सासूबाईंकडे. "सगळं एका जागी टाकू नकोस. तो मोठा केशरी हावरट आहे. काळ्याला मिळालं नाही." मी म्हणायची, "मग तुम्हीच या की घालायला." त्या लगेच चादर ओढून घ्यायच्या. पण बघायला मिळावं म्हणून पाठीला उशी लावून बसू लागल्या. पाय खाली सोडून बसू लागल्या. व्यायामवाल्या बाई एवढ्यावरही खूश होत्या. मी नव्हते. बसणं म्हणजे उभं राहणं नव्हे, हे वन्संनाही कळत होतं.

आणि सुट्टी लागली. वन्संनी फोन केला, उद्या सकाळी गाडी घेऊन येते. ह्यांनी फोनवर फक्त "बरं" म्हटलं. सासूबाईंना सांगितलं तर त्या नुसत्या माशांकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी नुसती धावपळ. औषधं, चादरी, लुगडी, चष्मा, गरम पाण्याची पिशवी. बॅग भरता भरता डोळे भरून येत होते, ते पुसायलाही उसंत नव्हती. वन्सं आल्या, पुढच्या खोलीत टेकल्या. त्यांचाही चेहरा काही आनंदी नव्हता. हे टेबलाशी उभे राहून एकच अक्षर घासत होते, घासून घासून त्याचं काही उरलं नसतं. मी वन्संना चहा आणून दिला. आणि तेव्हा वन्संचा कप ओठांपाशी थांबला.

"अगं," त्या हळूच म्हणाल्या, "ते बघ."

पेटीतले सगळे मासे वर, मागच्या कोपऱ्यात गोळा झाले होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: सकाळपासून त्यांना खायला घातलंच नव्हतं. मी आत जाणार, तेवढ्यात पाण्यात वरून एक हात उतरला. सुरकुतलेला, हिरव्या शिरांचा. बोटं चिमटीत धरून दाणे सोडत होता, थोडे इकडे, थोडे तिकडे, थोडे काळ्यासाठी वेगळे. आणि पाण्यामागे, एरवी काही दिसत नाही तिथे, अगदी जवळ आल्यामुळे सासूबाईंचं तोंड दिसलं. उभ्या सासूबाईंचं. दुसऱ्या हाताने त्यांनी ती चार बोटं पुढे आलेली दगडी फळी घट्ट धरली होती. वॉकर मागे होता, माझ्या टॉवेलासकट.

मी धावणार होते. ह्यांनी माझं मनगट धरलं. "थांब," ओठांनीच म्हणाले. "पडणार नाही ती."

आतून बोलण्याचा आवाज येत होता. "हो, हो, कळलं. आज कुणाला शुद्धच नाही ह्या घरात. सगळे बॅग भरतायत. बॅगेला भूक लागते का? तू हो मागे, हावरटा. ह्याचं पोट भरू दे."

मग त्यांना पाण्यातून आम्ही दिसलो. तिघंही, ओळीने, तोंडं उघडी टाकून.

"काय बघताय?" त्या म्हणाल्या. "मी काय पाटी आहे?"

वन्संनी कप खाली ठेवला तो बशीत न ठेवता सरळ टेबलावर, अक्षरांच्या मधे. हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "आई, खाली बस आधी! ए, तिला धरा कुणीतरी!"

"मी काही पडत नाही. पण गुडघे लटपटतायत, खुर्ची आणा. आणि ती बॅग रिकामी करा. माझा चष्मा आहे त्यात."

"आई, चल की माझ्याकडे. चार दिवस तरी," वन्सं आत जाऊन म्हणाल्या. त्यांनी आईला मागून कमरेला धरलं होतं. आई उभी होती, ते त्यांना सोडवतच नव्हतं.

"येईन. चार दिवस येईन. पण माझ्या पायांनी येईन आणि माझ्या पायांनी परत येईन. तोवर हिला नीट शिकवून ठेवते. ही सगळं एका जागी टाकते."

मी खुर्ची सरकवली, त्या टेकल्या. मी त्यांच्या पायाशी जमिनीवरच बसले आणि हात जोडले. देवाला जोडले होते. सासूबाईंना वाटलं मी त्यांनाच नमस्कार करतेय. "पुरे, पुरे," म्हणाल्या. "आधी चहा दे मला पण."

व्यायामवाल्या बाई संध्याकाळी आल्या तर सासूबाईंनी त्यांना पुन्हा एकदा उभं राहून दाखवलं, आणि वर विचारलं, "आता तुम्ही बसणार का?" बाईंनी दोन्ही हात कानाला लावले. हळूहळू सासूबाई वॉकर धरून मोरीपर्यंत, मग पुढच्या दारापर्यंत जाऊ लागल्या. टॉवेल मी दोरीवर टाकते आता.

पण मला सांगायचंय ते त्या सकाळचंच. चहा घेऊन मी आत आले तेव्हा हे पेटीपाशी उभे होते. लोखंडी पट्टी पेटीपलीकडे दुकानातल्या टेबलावर पडलेली दिसत होती, शोधत नव्हते. पेटीच्या कडेला ठेवलेल्या त्या बोटभर कागदाचं टोक ह्यांनी नखाने उचललं आणि हळूहळू, पार खालपर्यंत, सोलून काढलं. त्याची घट्ट गोळी केली, खिशात टाकली. मग आईच्या खुर्चीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसले आणि दोघं मायलेक मासे बघत राहिले.